गियरचा दांडा

मराठीत गियर पडतो. आपण तो टाकतो आणि तो पडतो. नाही पडला तर गाडी खरखर करून तसं सांगते. इंग्रजीत हेच काम 'शिफ्ट' होतं, म्हणजे इथली वस्तू सरकवून तिथे. मला आपलं क्रियापद जास्त बरोबर वाटतं. चांगल्या गियरबॉक्समध्ये दांड्याचा शेवटचा सेंटीमीटरभर प्रवास आपण करवत नाही, तो स्वतःच जातो, आतून कुणी ओढून घेतल्यासारखा. विहिरीत सोडलेला पोहरा पाण्याला टेकतो तेव्हा दोरावरच्या हाताला जे कळतं, साधारण तसं काहीतरी त्या क्षणी तळहाताला कळतं.

आण्णा एसटीत ड्रायव्हर होते, कराड डेपोला. सुट्टीत त्यांच्या गाडीवर जायला मिळालं की मी त्यांच्या शेजारी इंजिनाच्या बॉनेटवर बसायचे. खाली घोंगडं असलं तरी चटके बसायचेच. पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. त्या गाड्यांचा गियरचा दांडा लांब, वाकडा आणि कायम थरथरणारा. आत सिंक्रोमेश नसायचा, म्हणजे वेगवेगळ्या गतीने फिरणारी दोन चाकं एकमेकांत अडकवायच्या आधी त्यांची गती जुळवून देणारी सोय नसायची. ती गती ड्रायव्हरने कानाने जुळवायची. उतारावर खालचा गियर हवा असेल तर क्लच दाबायचा, न्यूट्रल करायचं, क्लच सोडायचा, ॲक्सिलरेटरला एक झटका द्यायचा, परत क्लच, आणि मग गियर. डबल क्लच म्हणतात त्याला. हे सगळं होईपर्यंत मागे चाळीस-पन्नास माणसं आणि समोर वळण. आण्णा गियरबॉक्सबद्दल बैलाबद्दल बोलावं तसं बोलायचे. "जोर लावला की चिडतो तो."

मोटारीत सिंक्रोमेश पहिल्यांदा आणला कॅडिलॅकने, १९२८ साली. आमच्या घाटात तो पोचायला वेळ लागला, एवढंच.

आता माझ्या गाडीकडे येते. मी मिशिगनमध्ये, ॲन आर्बरच्या जवळ राहते आणि माझ्याकडे १९९४ची लाल मियाटा आहे. माझदाची दोन सीटची, कापडी टपाची छोटी गाडी. बारा वर्षांपूर्वी मी ती माझ्या पगारातून, नवऱ्याला न विचारता घेतली. (सांगितलं मात्र होतं. विचारणं आणि सांगणं यांतला फरक लग्नाला पंचवीस वर्षं झाली की पुरेसा स्पष्ट झालेला असतो.) मियाटा पहिल्यांदा दाखवली गेली फेब्रुवारी १९८९मध्ये, शिकागोच्या मोटार प्रदर्शनात. साठच्या दशकात ब्रिटिश लोक एमजी, ट्रायम्फ, लोटस एलान असल्या गाड्या बनवत. दिसायला देखण्या, चालवायला मजेदार आणि पावसात हमखास बंद पडणाऱ्या. जपानी लोकांनी तीच कल्पना घेतली आणि ती रोज सकाळी चालू होईल याची व्यवस्था केली. एप्रिल २०१६मध्ये या गाडीने दहा लाखांचा आकडा ओलांडला. माझ्या गाडीचं इंजिन १.८ लिटरचं, १२८ अश्वशक्तीचं. आजच्या हिशेबात किरकोळच. शेजारची किराणा आणायची एसयूव्हीही तिला सरळ रस्त्यावर सहज मागे टाकेल. पण वजन जेमतेम टनभर, आणि इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, मध्ये आपण.

माझदाच्या लोकांनी या गाडीसाठी एक जपानी शब्दप्रयोग धरला होता, 'जिन्बा इत्ताई'. घोडा आणि स्वार एकच देह. घोड्यावरून धनुष्यबाण चालवणाऱ्यांच्या परंपरेतून आलेला शब्द आहे तो. जाहिरातीत वाचला तेव्हा मला तो जरा जास्तच वाटला होता. पण आपल्याकडे या गोष्टीला 'मांड' म्हणतात, आणि मांड पक्की असणं म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे त्याला या गाडीत बसल्यावर फार समजावून सांगावं लागत नाही. जमिनीपासून वीतभर वर बसल्यासारखं वाटतं. आणि गियरचा दांडा! इतर बऱ्याच गाड्यांत दांडा एका ठिकाणी आणि गियरबॉक्स दुसऱ्या, मध्ये सळ्या किंवा केबली. इथे दांडा थेट गियरबॉक्सच्या डोक्यावर उभा असतो. हात आणि दातेरी चाकं यांच्यात मध्यस्थ जवळपास नाहीच. म्हणून ही गाडी नवीन असताना तिच्या गियरचं एवढं कौतुक झालं. आणि म्हणूनच तीस वर्षांत आत जे काही झिजतं ते सगळं थेट हाताला कळतं.

माझ्या हाताला कळत होतं ते असं. गियरमध्ये असतानाही दांडा हलायचा, लहान मुलाच्या पडायला आलेल्या दातासारखा. थंडीत पहिली दहा मिनिटं दुसरा गियर 'नको' म्हणायचा. उन्हाळ्यात दांड्याच्या मुळाशी गरम हवा यायची, त्याबरोबर तेलाचा वास. यांतलं दुसऱ्या गियरचं दुखणं या गाड्यांत जुनंच आहे. थंड तेल जाड असतं, पितळी कडीला गती जुळवायला जास्त वेळ लागतो, आपण थांबायचं. बाकीच्या दोन गोष्टी मात्र दुरुस्तीच्या होत्या.

आणि तिसरी गोष्ट गाडीत नव्हतीच. ती माझ्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी होती.

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाला लागून एक सांधा आहे, खोगिराच्या आकाराचा. त्याच्यामुळे अंगठा बाकीच्या चारही बोटांना भेटू शकतो. चाळिशी-पन्नाशीनंतर, विशेषतः बायकांमध्ये, तो झिजतो. माझाही झिजला. हँड थेरपिस्टने पहिल्याच भेटीत एक हिशेब सांगितला होता. चिमटीत एक किलोचा जोर लावला तर या सांध्यावर बारा किलोच्या आसपास दाब येतो. कारण अंगठाही एक दांडाच आहे. टोकाला लावलेला जोर बुडाशी कैक पटींनी पोचतो. मी तिला म्हटलं, बारा पट म्हणजे जरा अतीच आहे. ती म्हणाली, तक्रार तुमच्या पूर्वजांकडे करा.

त्या वर्षभरात काय काय सुटलं त्याची यादी मी कधी केली नाही, पण ती आपोआप होत गेली. विळीवर नारळ खवणं गेलं. बरण्यांची झाकणं नवऱ्याकडे गेली. पोळ्या लाटणं चाललं, पण पुरणपोळी नाही. कडा दाबताना अंगठा लागतो. रांगोळी गेली. ती गेली तेव्हा मात्र मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच ओटा पुसत बसले होते. रांगोळी म्हणजे नुसती चिमूटच. अंगठा आणि तर्जनी यांच्यातून धार सोडायची, दुसरं त्यात काही नाही. गेल्या दिवाळीला दारात मी ठशांची रांगोळी काढली. लोक छान म्हणाले.

या यादीत पुढचं नाव गाडीचं होतं. नवऱ्याकडे विजेवर चालणारी गाडी आहे. तिला गियरच नाहीत, त्यामुळे तिच्याबद्दल लिहिण्यासारखंही काही नाही. तो म्हणाला, "अगं, विकून टाक आता. मे-जूनमध्ये चांगली किंमत येईल." त्याच्या बाजूने तो बरोबरच बोलत होता. अमेरिकेत आता नव्या विकल्या जाणाऱ्या शंभर गाड्यांतल्या एक-दोनच मॅन्युअल असतात. गियरचा दांडा हे चोरांविरुद्धचं सर्वात स्वस्त कुलूप आहे असा इथे विनोद करतात. आमच्या लेकीलाही चालवता येत नाही, आणि शिकायची इच्छा नाही. मी आग्रह केलेला नाही.

मला दुखायचं कुठे, ते मी एका रविवारी नीट तपासलं. सगळ्याच गियरला दुखत नव्हतं. दुसरा आणि चौथा टाकताना दांडा मागे ओढायचा; ते काम बोटं करतात. तिसऱ्याला तळहाताने पुढे ढकलायचा. दुखायचं ते पाचव्याला. पाचवा उजवीकडे असतो. अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे बसतो आणि गियर उजव्या हाताने टाकतो. म्हणजे नॉबच्या डाव्या अंगाला येतो अंगठा, आणि दांडा उजवीकडे रेटायचं काम त्याच्यावर पडतं. त्यात दांड्याला मधल्या रांगेत, तिसऱ्या-चौथ्याच्या पट्ट्यात ओढून धरणारी स्प्रिंग असते. तिच्या विरुद्ध जायचं तेही अंगठ्यानेच.

गाडी शिकले मी कराड-ओगलेवाडी रस्त्यावर, आण्णांच्या एका मित्राच्या जीपवर, डाव्या हाताने. तिकडे सगळं आरशातल्यासारखं उलट. अंगठा उजव्या अंगाला, आणि त्याचं काम पहिल्या गियरच्या वेळी. म्हणजे भारतातच राहिले असते तर मला निघताना दुखलं असतं, इथे वेग घेताना दुखतं. (आणि तिकडे डावा अंगठा लागला असता, जो अजून शाबूत आहे. स्थलांतराचे तोटे मोजणाऱ्यांनी हाही मोजावा.)

तर, दांड्याचं काहीतरी करायचं ठरलं. जुन्या मियाटाचा गियर 'अपग्रेड' करायचा म्हटलं की सगळ्या वाटा एकाच दुकानात जातात. त्या वस्तूचं नाव शॉर्ट शिफ्टर. म्हणजे असा दांडा, ज्यामुळे एका गियरवरून दुसऱ्यावर जाताना हाताला कमी अंतर कापावं लागतं. करामत साधी आहे. दांड्याच्या मध्ये एक गोळा असतो, त्याच्यावर तो डोलतो. गोळ्याच्या वरचा भाग आपल्या हातात, खालचा गियरबॉक्सच्या पोटात. खालचा भाग लांब केला किंवा वरचा आखूड केला की वरचा प्रवास कमी होतो. मग मनगटाच्या एका झटक्यात गियर; बंदुकीच्या चापासारखं, असं लोक कौतुकाने म्हणतात.

पण तरफेचा हिशेब शाळेत सगळ्यांनीच केलेला असतो. अंतर वाचवलं की जोर वाढतो. आत सरकायची ती सळई जेवढी सरकायची तेवढीच सरकणार; तिला लागणारं काम कमी होत नाही. समजा नॉब सहा सेंटीमीटर फिरत होता, तो तीस टक्क्यांनी कमी होऊन ४.२वर आला. तर जोर वाढतो सुमारे ४३ टक्क्यांनी. मी मोजायचं ठरवलं. प्रत्येक परदेशस्थ मराठी घरात एक वस्तू असते, बॅगा तेवीस किलोच्या आत आहेत ना हे बघायचा हुकाचा काटा. तो मी नॉबला दोरीने बांधला आणि गाडी बंद असताना दांडा हळूहळू ओढला. साधारण तीन किलो. शॉर्ट शिफ्टर बसवला तर सव्वाचार. त्यातला सगळा भार काही अंगठ्यावर येत नाही, पण पाव हिस्सा जरी आला तरी बुडाशी तो बाराने गुणला जाणार.

शिवाय पितळी कडीचा प्रश्न वेगळाच. दोन चाकांची गती जुळवायला तिला जो क्षण लागतो तो दांडा आखूड केल्याने कमी होत नाही. हात लवकर पोचतो, कडी तिथेच. मग हात दाबतो, आणि कडी झिजते. दांडा आखूड करून वेळ वाचतो असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी मी वाद घालत नाही. शर्यतीच्या ट्रॅकवर त्यांचं म्हणणं खरंही असेल, आणि तरुण हाताला त्या चापासारख्या खटक्यात मजा येते हे मला समजतं. पण 'सुधारणा' हा शब्द कॅटलॉगमध्ये असा छापलेला असतो, जणू सगळ्यांना एकच हात आहे.

उलटी कल्पना थेरपिस्टच्या खोलीत सुचली. तिच्या कपाटात सगळ्या जाड्या वस्तू होत्या. जाड पेन, जाड मुठीचा चमचा, जाड किल्ली. तिचा एकच धोशा: चिमटीने धरू नका, तळहाताने धरा, बारीक मूठ जाड करा, हँडल लांब करा. मी घरी येताना गाडीत बसले आणि नॉबकडे पाहिलं. मूळ नॉब बारीक, लांबोडका. तो धरायचा तर अंगठा आपोआप त्याच्याभोवती येतो.

म्हणजे मला हवा होता दांडा थोडा लांब आणि नॉब मोठा. दुकानात जे विकायला होतं त्याच्या बरोबर उलट.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक गृहस्थ राहतात, वय ऐंशीच्या पुढे. आयुष्यभर डेट्रॉइटकडच्या कारखान्यांसाठी डाय बनवल्या. तळघरात लेथ आहे. त्यांना सगळं सांगितलं तर त्यांनी आधी माझा हात मागितला आणि तळव्याचा खळगा कॅलिपरने मोजला. डॉक्टरांनीही इतक्या गांभीर्याने मोजला नव्हता. नॉब अक्रोडाचा करायचं त्यांनी ठरवलं. काळा अक्रोड इथलंच झाड. लाकूड हिवाळ्यात गार पडत नाही आणि उन्हात तापत नाही, हे एक. पण नुसतं लाकूड हलकं पडतं. नॉबला थोडं वजन असलं तर तो स्वतःच्या वेगाने दांड्याला पुढे नेतो, शेवटच्या टप्प्यात हाताला ढकलावं लागत नाही. म्हणून आत पितळेचा गाभा, त्यातच आटे पाडलेले. आणि नॉबखाली अडीच सेंटीमीटरचा एक जोड, दांड्याची उंची वाढवायला. गोळ्यापासून वर समजा वीस सेंटीमीटर दांडा असेल, तर तो होतो साडेबावीस. जोर नवव्या हिश्शाने कमी. फार नाही. पण अंगठ्याच्या बुडाशी गुणाकार मोठा असतो, त्यामुळे वजाबाकीही मोठी होते.

ते नॉब बनवत होते तोवर मी आतलं काम काढलं. मार्चचा महिना. इथे रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे नोव्हेंबरपासून गाडी गॅरेजमध्येच होती. मधला कन्सोल काढायला फार अक्कल लागत नाही, धीर लागतो. नॉब फिरवून काढायचा, ॲशट्रे उचलून खालचा स्क्रू, मागच्या छोट्या कप्प्यातला स्क्रू, बाजूचे स्क्रू, मग कन्सोल अर्धवट उचलून काचांच्या बटणांच्या वायरी सोडवायच्या. खाली एक मोठा रबरी बूट, दहाच्या गोटीने चार बोल्ट. माझा बूट चिरला होता, आणि गरम हवेचं उत्तर तिथेच मिळालं. खाली गियरबॉक्स आणि सायलेन्सरचे पाइप, ते थेट माझ्या गुडघ्याशी श्वास सोडत होते. त्याच्या खाली एक छोटा बूट, पत्र्याच्या कड्यात बसवलेला, तीन बोल्ट. तोही फाटलेला. ते काढले की दांडा सरळ वर उचलला जातो. भाकरीच्या पिठातून उलथनं काढल्यासारखा हलका आवाज येतो, आणि तो हातात येतो. कोपरापासून मनगटापर्यंतही लांब नसेल. एवढ्याशा लोखंडाने आपण टनभर गाडी चालवतो, याचं मला प्रत्येक वेळी नवल वाटतं.

दांड्याच्या खालच्या टोकाला नायलॉनचं एक बुश असतं, शिंप्याच्या अंगुस्तानासारखं. ते निम्मं जागेवर होतं आणि निम्मं तुकडे होऊन खालच्या तेलात. दांडा दातासारखा का हलत होता ते कळलं. तुकडे चिमट्याने, एकेक मोजून बाहेर काढले आणि वर्तमानपत्रावर जुळवून पाहिले, सगळे आले की नाही. या कामात घाई करायची नाही आणि उघड्या भोकावर फडकं टाकल्याशिवाय एकही स्क्रू हातात घ्यायचा नाही. आत पडलेला स्क्रू गियरबॉक्समध्ये गेला तर मग बोलायलाच नको. गोळ्याखाली एक लहरी वॉशर असतो, म्हणजे लाटेसारखा वळलेला, तोही चपटा झाला होता. या खळग्यात दांड्यासाठी थोडं वेगळं तेल असतं. माझ्यातलं काकवीसारखं झालं होतं. लेकीच्या लहानपणी तापाच्या औषधाची एक सिरिंज होती, ती का कोण जाणे अजून घरात आहे. तिने ते ओढून काढलं.

नवीन तेल ओतलं तेव्हा गॅरेजभर गंधकाचा वास सुटला. गियरच्या तेलात गंधक असतो, दातांवरच्या प्रचंड दाबात धातूला धातू चिकटू नये म्हणून. आण्णांच्या खाकी शर्टाला हाच वास असायचा. आई तो शर्ट वेगळा भिजवायची. मी तिथे तशीच थोडा वेळ बसले, मग बूट बसवायला घेतला, कारण गुडघे दुखायला लागले होते.

बुश, वॉशर, दोन बूट, थोडं तेल. दोन माणसांच्या बाहेरच्या जेवणाएवढा खर्च. आणि खरं सांगायचं तर सुधारणेचा मोठा वाटा याच चार वस्तूंचा होता. दांडा हातात धरून तिसऱ्यात टाकला आणि तो तिथे बसला; इकडेतिकडे नाही. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा तो असाच असणार. किती लोक या चार वस्तू न बदलताच झिजलेल्या बुशवर नवा, चकचकीत, आखूड दांडा बसवत असतील, आणि मग गियर 'खडखडीत' झाला म्हणून खूश होत असतील!

नॉब आला तो एप्रिलमध्ये. लिंबापेक्षा मोठा, संत्र्यापेक्षा लहान. म्हाताऱ्यांनी वर गियरचा नकाशा कोरायचा का विचारलं, मी नको म्हटलं. धरला तेव्हा अंगठ्याला काही कामच उरलं नव्हतं. तो बाजूला मोकळा पडून राहतो, बसमध्ये खिडकीशी बसलेल्या प्रवाशासारखा. पाचवा आता मनगटाशी असलेल्या तळव्याच्या उंचवट्याने जातो. काटा परत लावून मोजलं. आधी तीन किलो होतं, आता अडीचच्या जरा वर. हिशेबाने अपेक्षित होतं त्याहून थोडं कमीच. बाकीचं श्रेय नव्या बुशला आणि तेलाला असावं.

दोन-तीन चांगले पाऊस होऊन रस्त्यावरचं मीठ धुऊन जाईपर्यंत थांबले आणि मग ह्यूरॉन रिव्हर ड्राइव्हला गेले. मिशिगन सपाट आहे, इथे घाट नाही. पण हा रस्ता नदीच्या कडेकडेने वळत जातो, आणि दुसरा-तिसरा-दुसरा करायला पुष्कळ जागा आहे. प्रवास लांबलाय हे पहिल्या दोन मैलांत जाणवत होतं. हात थोडा जास्त मागे जातो. घाईने टाकला तर गंमत जाते. सावकाश टाकला की न्यूट्रलमध्ये एक क्षण थांबायला होतं, आतली कडी तिचं काम करते, आणि मग गियर पडतो. खालच्या गियरवर येताना मी सवयीने डबल क्लच करते. या गाडीला त्याची गरज नाही, सिंक्रोमेश आहे. पण गती जुळवून दिली की दांडा जवळजवळ वजनाशिवाय जातो, आणि काट्यावर न दिसणारे ते चार-पाचशे ग्रॅम मला अंगठ्यात कळतात. आण्णांना हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, मग त्यात नवीन काय.

थेरपिस्टला नॉबचा फोटो दाखवला. तिने तो कपाटातल्या जाड्या वस्तूंच्या भिंतीवर लावायला मागून घेतला. सांध्याबद्दल तिने काही गोड बोलून दाखवलं नाही. झीज उलटत नाही. पुढे इंजेक्शन, आणि त्याच्याही पुढे एक शस्त्रक्रिया असते, तिच्यात मनगटातलं एक छोटं हाड काढून टाकतात. कधी, ते सांधा ठरवील. सध्या आठवड्यातून दोनदा, पाऊस नसेल तर टप उघडा टाकून, तास-दीड तास. परत आल्यावर अंगठा मेणाच्या गरम पाण्यात.

मूळ दांडा मी कापला नाही, फक्त त्याच्यावर जोड चढवला आहे. जुना नॉब एका खोक्यात ठेवलाय, बुशच्या जादा सेटबरोबर. खोक्यावर मार्करने लिहिलंय: मूळ नॉब. आटे १० × १.२५. जोड हाताने फिरवून निघतो, पाना नको. दुसऱ्या गियरला थंडीत दहा मिनिटं द्या. मग लक्षात आलं, की ही गाडी पुढे ज्याच्याकडे जाईल त्याला मराठी येत असण्याची शक्यता कमीच आहे. खाली इंग्रजीतही लिहिलं.